भूमापनाच्या जुन्या उपकरणांचा संग्रह

जमिनीवरील अंतरे, कोन व उंची मोजण्यासाठी पूर्वी वापरली जाणारी साधने मिळविणे, त्यांची ओळख पटविणे व ती जतन करणे हा या संग्रहाचा विषय होय. साखळी, काटकोन काढण्याचा शंकू, होकायंत्र, फलकयंत्र, लेव्हल आणि थिओडोलाइट ही त्यांतील प्रमुख उपकरणे होत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इलेक्ट्रॉनिक अंतरमापक व पुढे उपग्रहांवर आधारलेल्या पद्धती रूढ झाल्यावर ती कामातून गेली आणि पुष्कळशी मोडीत निघाली. उपकरण कोणी केले, केव्हा केले व ते कसे वापरले गेले याचा जो पुरावा त्याच्या अंगावर उरलेला असतो त्यात त्याचे खरे मोल असते. पितळेच्या चकाकीचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

साखळीसारख्या साध्या वस्तूतही हा पुरावा सापडतो. एडमंड गंटर यांनी १६२० च्या सुमारास प्रचारात आणलेली साखळी ६६ फूट लांब व १०० कड्यांची असून तिच्या मापाने १० चौरस साखळ्यांचा एक एकर होतो. मुंबई इलाख्यात, जेथे गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३० नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यापासून महसुली मोजणीची नवी घडी बसविली, तेथे ३३ फुटांची, १६ आण्यांत विभागलेली साखळी वापरात होती. तिचा चौरस म्हणजे एक गुंठा. वापराने कड्यांचे जोड झिजतात आणि साखळी लांबते. तिने मोजलेले अंतर मग प्रत्यक्षापेक्षा कमी भरते. अशी साखळी ठोकून पूर्ववत केली, तर ती शोभिवंत होते, पण तिची साक्ष नाहीशी होते.

थिओडोलाइटच्या बाबतीत निर्मात्याचे कोरलेले नाव कालनिर्णयास उपयोगी पडते. ‘ट्राउटन अँड सिम्स’ हे नाव १८२६ पूर्वीच्या उपकरणावर असू शकत नाही, तर ‘कुक, ट्राउटन अँड सिम्स’ हे १९२२ नंतरचे. मात्र नुसत्या नावावर विसंबू नये. प्रसिद्ध ब्रिटिश निर्मात्यांची नावे घातलेल्या पितळी नकला बाजारात विपुल आहेत व त्यांतील बऱ्याच भारतातच तयार झालेल्या आहेत. खरी कसोटी अंशांकनाची होय. जेसी रॅम्सडेन यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात परिपूर्ण केलेल्या विभाजन यंत्रामुळे वर्तुळावरील रेषा अत्यंत बारीक व समान अंतरावर आखता येऊ लागल्या. अर्ध्या अंशाच्या भागांवर २९ भागांच्या लांबीत ३० भाग पाडलेला व्हर्नियर असल्यास एका मिनिटापर्यंत वाचन होते. नकलेत हा मेळ सहसा बसत नाही.

दुरुस्तीच्या खुणांना उणेपण समजण्याची चूक नवखे संग्राहक नेहमी करतात. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून ज्या त्रिकोणीय सर्वेक्षणास आरंभ केला, त्यासाठी लंडनच्या विल्यम कॅरी यांनी केलेला, ३६ इंच व्यासाच्या वर्तुळाचा व सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट आणला होता. वाटेत तो फ्रेंचांच्या हाती पडला व त्यांनी सन्मानपूर्वक परत केला. १८०८ मध्ये तंजावर येथे मंदिराच्या गोपुरावर चढविताना तो आपटून त्याचे वर्तुळ वाकले. लॅम्बटन यांनी सुमारे सहा आठवडे खपून ते स्वतः सरळ केले व त्यानेच पुढचे काम चालविले. १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. अशा यंत्रावरील डाग आणि जोड हाच त्याचा इतिहास असतो.

जतनाचे नियम थोडके, परंतु कडक आहेत. पितळेवरील मूळ लाखरोगण घासू नये. चांदीच्या अंशपट्टीस पॉलिश लावल्यास रेषाच पुसट होतात. दुर्बिणीतील तारांच्या जागी बहुधा कोळ्याचा धागा असतो, तेव्हा ती उघडू नये. मूळ पेटी, तिच्यातील कागद व दुरुस्तीची चिठ्ठी उपकरणापासून वेगळी करू नये. महायुद्धकाळातील काही होकायंत्रांच्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग असतो. त्या उघडणे किंवा खरवडणे धोक्याचे आहे. भारतात शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाच्या कक्षेत येऊ शकतात व पुरावस्तू ठरलेली वस्तू खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही.