गिझरच्या कॉइलवरचा कार्बन

पृथ्वी समजून घेताना : लेखांक ६

थेरगावात, डांगे चौकाच्या आसपासच्या सोसायट्यांमध्ये गिझर दुरुस्त करणाऱ्यांना एक काम नेहमीच असतं. कॉइल बाहेर काढायची, तिच्यावरचा पांढरा खरबरीत थर ठोकून पाडायचा, नाहीतर कॉइलच बदलायची. ‘बोअरचं पाणी, क्षार धरलेत’ एवढं निदान पुरतं. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून नळाला दिवसाआड पाणी येतं. उरलेली गरज बोअर आणि टँकर भागवतात, त्यामुळे हा थर इथल्या घरोघरी ओळखीचा आहे. पृथ्वी प्रणाली विज्ञानाच्या पहिल्या वर्षात मुलांना सर्वांत जड जाणारा भाग, म्हणजे कार्बनचं संथ चक्र, मला याच थरापासून शिकवावासा वाटतो.

हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. त्यातलं कॅल्शियम आलं आपल्या पायाखालच्या काळ्या पाषाणातून, म्हणजे बेसाल्टमधून, आणि कार्बन आला हवेतून. पावसाचं पाणी खाली येताना हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. मग ते मातीत मुरतं. तिथे मुळं आणि सूक्ष्मजीव सतत श्वसन करत असतात. मातीच्या पोकळ्यांमध्ये कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण उघड्या हवेपेक्षा कित्येक पट जास्त असतं, आणि हा वायूही झाडपाल्याने मुळात हवेतूनच घेतलेला असतो. इथे पाण्याची आम्लता वाढते. हे पाणी बेसाल्टच्या भेगांमध्ये शिरलं की खडकातली खनिजं हळूहळू कुजवतं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सुटून पाण्यात येतात, कार्बन बायकार्बोनेटच्या रूपात त्यांच्यासोबत राहतो. याला रासायनिक विदारण म्हणतात. वातावरण, जलावरण, जीवावरण आणि शिलावरण अशी चार आवरणं आपण पहिल्या लेखात वेगवेगळी पाहिली होती. इथे एकाच थेंबाच्या वाटेवर ती चारही येतात.

महापालिकेच्या पाण्याने एवढा थर का बसत नाही? ते पाणी मावळात पडतं, पवना धरणात साठतं, नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून उचललं जातं. धरण दर पावसाळ्यात नव्याने भरतं, त्यामुळे या पाण्याचा खडकाशी फारसा संग घडत नाही. बोअरचं पाणी मात्र भेगांमध्ये वर्षानुवर्षं मुरलेलं असू शकतं. मागच्या लेखात ‘निवासकाल’ ही संकल्पना आली होती. एखादा पदार्थ एका साठ्यात सरासरी किती काळ राहतो, ते मोजणारी. नळाचं आणि बोअरचं पाणी यांतला मुख्य फरक या निवासकालाचा आहे.

आता हिशेब मांडू, कारण परीक्षेत आणि वर्तमानपत्रांतही गोंधळ इथेच होतो. खडकातून कॅल्शियमचा एक अणू सुटताना हवेतल्या कार्बनचे दोन अणू पाण्यात बांधले जातात. गिझरमध्ये पाणी तापलं की त्या दोहोंपैकी एक थरात अडकतो आणि दुसरा कार्बन डायऑक्साइड होऊन परत हवेत जातो. समुद्रातही हेच घडतं, फक्त तिथे उष्णतेच्या जागी जीव काम करतात. थेरगावावरून वाहणारी पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा-मुठेचं पाणी भीमेत जातं, पंढरपुरावरून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. तिथे सूक्ष्म सागरी जीव आणि शिंपले याच कॅल्शियमपासून कवचं बनवतात. ती तळाशी गाडली जातात. दोनातला एक कार्बन परत गेला तरी एक कायमचा वजा झाला. खडक चुनखडीचा असता तर ही वजाबाकी शून्य झाली असती. तिथे दोन कार्बनपैकी एक हवेतला आणि एक खडकातलाच असतो. विदारणात हवेतून जेवढा घेतला तेवढाच कवच बनताना परत जातो. आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये कार्बन जवळपास नसतोच, म्हणून इथे दोन्ही अणू हवेतून येतात. हा एक फरक नीट कळला की अर्धा विषय हाती आला असं मी समजतो.

१९८१ मध्ये वॉकर, हेज आणि कास्टिंग या शास्त्रज्ञांनी या प्रक्रियेचं पुढचं पाऊल मांडलं. हवा तापली की पाऊस वाढतो, विदारणाचा वेग वाढतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड जास्त ओढला जातो आणि तापमान उतरतं. थंडी वाढली की हे काम मंदावतं. मग ज्वालामुखींतून येणारा वायू हवेत साठत जातो आणि पुन्हा ऊब येते. गिझरचा थर्मोस्टॅट ठरलेल्या तापमानाला वीज तोडतो आणि पाणी निवलं की जोडतो, तसं हे आहे. दख्खनच्या पठाराने या दोन्ही भूमिका केल्या आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रचंड उद्रेकांनी हवेत कार्बन डायऑक्साइड सोडला. त्याच लाव्ह्याचा खडक आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि तो वायू परत ओढतो आहे. बेसाल्ट ग्रॅनाइटपेक्षा लवकर झिजतो, त्यामुळे त्याचा वाटाही मोठा.

हे वाचून कुणाला दिलासा वाटेल, की पृथ्वी स्वतःला सावरून घेते. सावरते, पण केवढ्या काळात ते पाहावं लागतं. जगभरातलं बेसाल्टसारख्या सिलिकेट खडकांचं विदारण वर्षाला साधारण १० कोटी टनांच्या आसपास कार्बन काढून घेतं. आपण कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला सुमारे १,००० कोटी टन कार्बन हवेत घालतो. सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी हवेत प्रचंड कार्बन मिसळून पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापली होती. तिला पूर्वपदावर यायला लाखाहून अधिक वर्षं लागली.

आणखी एक घोटाळा इथेच सोडवतो. हवेतला कार्बन डायऑक्साइडचा एखादा रेणू सरासरी चार-पाच वर्षांत पानात किंवा समुद्रात जातो, हे खरं आहे. म्हणून उद्योगांचा धूर चार-पाच वर्षांत निवळेल, हे मात्र साफ खोटं. एक रेणू गेला की त्याच्या बदल्यात दुसरा येतो. ती केवळ अदलाबदल आहे. वाढलेला साठा उतरायला शतकं लागतात आणि त्याचा काही भाग तर हजारो वर्षं टिकतो. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० होते. १९५८ मध्ये हवाई बेटांवर मौना लोआला नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ होते, आज ४२० च्या वर आहेत. म्हणून पाठ्यपुस्तकातल्या आकृतीतला प्रत्येक बाण वाचताना दोन आकडे शोधायचे : वर्षाला किती जातं आणि किती काळात. पुण्यात पाषाण भागातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत भारताचं पहिलं पृथ्वी प्रणाली प्रतिमान तयार झालं. शंभर वर्षांचे अंदाज काढणाऱ्या अशा प्रतिमानांत खडकांचं विदारण सहसा धरत नाहीत, ते याच हिशेबामुळे. शंभर वर्षांत त्याने आकडा हलत नाही.

बेसाल्ट दळून शेतात पसरायचा आणि विदारणाचा वेग वाढवायचा, असे प्रयोग आता भारतातही होत आहेत. मोशीच्या खाणींमधल्या क्रशरखालची भुकटी पाहिली की कल्पना मोहात पाडते. पण दळायला लागणारी वीज, वाहतुकीचं डिझेल आणि शेतात खरोखर किती कार्बन बांधला गेला याची मोजणी, हे तिन्ही खर्च मांडल्याशिवाय मी तिला उपाय म्हणणार नाही.

या आठवड्याचा प्रयोग : स्टीलच्या दोन स्वच्छ भांड्यांत सारखंच पाणी घ्या, एकात महापालिकेचं, दुसऱ्यात बोअरचं. तळाशी थोडं उरेपर्यंत आटवा, गॅस बंद करा, उरलेलं तसंच सुकू द्या आणि तळ पाहा. गिझर दुरुस्तीला येणाऱ्याकडून थराचा एक तुकडा मागून घ्या आणि व्हिनेगरमध्ये टाका. वर येणारे बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. पाणी कुठलं होतं आणि बोअर किती खोल आहे, ते वहीत नोंदवा. पुढच्या लेखात आपण थेरगावच्या केजुदेवी बंधाऱ्यावर जाऊ. तिथली जलपर्णी उन्हाळ्यात इतकी का माजते, ते फॉस्फरसच्या चक्रातून पाहायचं आहे.