कुत्रा, चप्पल आणि 'चावणे' : एक प्रयोगविचार

पाळलेल्या कुत्र्याने घरातील वस्तूंचा नाश करणे हा विषय पशुवैद्यकाचा वा प्राणिवर्तनशास्त्राचा मानला जातो, व ते योग्यच आहे. परंतु या नाशाविषयी घरातील माणसे ज्या वाक्यांत बोलतात ती वाक्ये मराठीच्या अभ्यासकाने थांबून पाहावीत अशी आहेत. पुढील दोन वाक्ये घ्या :

कुत्रा मला चावला.
कुत्र्याने चप्पल चावली.

क्रियापद एक, काळ एक, कर्ता एक. तथापि पहिल्या वाक्यात कर्ता प्रथमेत असून क्रियापद त्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. दुसऱ्यात कर्ता तृतीयेत जातो व क्रियापद चपलेप्रमाणे स्त्रीलिंगी होते. पहिला कर्तरी प्रयोग, दुसरा कर्मणी. त्यांची अदलाबदल मराठी कानाला खपत नाही. 'कुत्रा चप्पल चावला' असे कोणी म्हणत नाही. 'कुत्र्याने मी चावलो' हे तर वाक्यच नव्हे. हा भेद आपण शाळेत न शिकता जन्मभर अचूक पाळतो. तो कशावर उभा आहे, आणि कुत्र्याच्या प्रत्यक्ष वर्तनाशी त्याचा काही संबंध लागतो काय, हे पाहण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

सकर्मक धातूचे भूतकाळी रूप आले की मराठीत कर्ता सामान्यतः तृतीयेत जातो. या नियमाला अपवाद आहेत. 'मी धडा शिकलो', 'तो पाणी प्याला', 'ती निरोप विसरली' ही त्यांची परिचित उदाहरणे. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) या ग्रंथापासून प्रयोगविचार हा मराठी व्याकरणातील मोठ्या खलाचा विषय झालेला आहे. 'शिकणे' किंवा 'विसरणे' हे धातू मात्र सर्वत्र अपवादच राहतात. कर्म कोणतेही असो, त्यांची चाल बदलत नाही. 'चावणे' तसे नाही. ते अर्थानुसार चाल बदलते, आणि म्हणून ते अपवादांच्या यादीत टाकून मोकळे होता येत नाही. माझ्या मते येथे एका उच्चाराखाली दोन धातू नांदत आहेत.

व्युत्पत्ती या मताला आधार देते. 'चावणे' हे संस्कृत 'चर्व्' या धातूपासून प्राकृत 'चव्व' या पायरीने आलेले आहे, आणि 'चर्व्' म्हणजे दाढांखाली घालून बारीक करणे. दंश करण्यासाठी संस्कृतात 'दंश्' हा निराळा धातू होता. त्याचा वारस 'डसणे' आज सापापुरता, आणि तोही बराचसा ग्रंथांत, उरला आहे. त्याची मोकळी झालेली जागा मराठीत 'चावणे' याने घेतली. मुंगी चावते, डास चावतो, विंचूही चावतो. यांपैकी डासाला सोंड आहे, विंचवाला नांगी आहे. दाढा मात्र एकालाही नाहीत. शेजारच्या गुजरातीत दोन कामांना दोन शब्द आहेत. 'मने कूतरो करड्यो' यात दंशाचे क्रियापद वेगळे, आणि चर्वणासाठी 'चाववुं' वेगळे. हिंदीतही 'काटना' व 'चबाना' ही भिन्न आहेत. मात्र 'कुत्ते ने मुझे काटा' आणि 'कुत्ते ने जूता चबाया' या दोन्ही वाक्यांत 'ने' येतेच. म्हणजे हिंदी भेद शब्दाने दाखविते व प्रयोगाने दाखवीत नाही. मराठीने शब्द एक केला आणि भेद प्रयोगाकडे सोपविला.

चपलेचेच उदाहरण पुन्हा पाहू. 'मला नवी चप्पल चावली' आणि 'कुत्र्याने नवी चप्पल चावली' या दोन्ही वाक्यांत 'नवी चप्पल चावली' एवढा भाग अक्षरशः समान आहे. एकीत चप्पल चावणारी, दुसरीत चावली गेलेली. अर्थाचा सगळा भार 'मला' आणि 'कुत्र्याने' या दोन रूपांवर आहे, आणि तेवढ्यावर ऐकणाऱ्याचा कधीही घोटाळा होत नाही.

भेदाचे मर्म अधिक स्पष्ट होते ते शरीराच्या अवयवापाशी. 'पिल्लू माझ्या हाताला चावले' आणि 'पिल्लाने माझा हात चावला' ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, पण त्यांतून एकच प्रसंग डोळ्यांसमोर येत नाही. पहिल्यात दंश आहे. वेदना आहे आणि ती ज्याला झाली तो बोलत आहे. दुसऱ्यात पिल्लू हात तोंडात धरून बसले आहे, व हात ही चघळण्याची एक वस्तू झाली आहे. 'ला' हा प्रत्यय येथे ज्याला काही भोगावे लागते त्याची खूण आहे. 'मला ठेच लागली', 'मला ताप आला' या वाक्यांतील 'मला' आणि 'मला कुत्रा चावला' यातील 'मला' ही एकाच घरची मंडळी होत. चपलेला भोग नाही, म्हणून तिला 'ला' नाही.

विशेषणांतही हेच दिसते. 'लाजरा', 'बुजरा', 'हसरा' यांच्या पंक्तीत 'चावरा' बसतो, आणि चावरा कुत्रा म्हणजे माणसांना चावणारा. वर्षभरात पायताणाचे दहा जोड संपविणाऱ्या पण कोणाच्या अंगाला दात न लावणाऱ्या कुत्र्याला चावरा म्हटले तर मालक रागावेल, आणि भाषेच्या दृष्टीने त्याचा राग रास्त असेल. मग अशा कुत्र्याला म्हणायचे काय? खोडकर, द्वाड, उपद्व्यापी, मस्तीखोर. हे सारे शब्द मुलांवरून घेतलेले आहेत, आणि त्या सर्वांत हेतू गृहीत धरलेला आहे. वस्तू चावण्याच्या स्वभावाला निर्हेतुक असे विशेषण मराठीने घडविलेले नाही. ही उणीव वरवर दिसते तितकी निरुपद्रवी नाही.

आता प्रत्यक्ष क्रियेकडे वळू. 'चर्व्' या धातूच्या मूळ अर्थाने कुत्रा आपले अन्न जवळजवळ चावतच नाही. त्याचा जबडा बिजागरीसारखा वर-खाली हलतो. गाईप्रमाणे वा माणसाप्रमाणे तो आडवा फिरवून रवंथ वा चर्वण करण्याची सोय त्यात फारशी नाही. वरच्या जबड्यातील चौथी उपदाढ आणि खालच्या जबड्यातील पहिली दाढ या कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींवर घासून जातात, मांसाचा तुकडा कापतात, आणि तुकडा गिळला जातो. म्हणजे कुत्रा जे खातो ते गिळतो, आणि मन लावून चावतो ते बहुधा खाण्यासाठी नसलेले : चप्पल, खुर्चीचा पाय, पुस्तकाची कड, उशीचा कोपरा.

त्याला कारणे आहेत. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात; साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यापर्यंत ते पडून त्यांच्या जागी ४२ कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, आणि घरातील फर्निचराची सर्वाधिक हानी याच काळात होते. हात नसल्यामुळे वस्तू ओळखण्याचे साधनही तोंडच. चपला आणि मोजे यांना मालकाच्या अंगाचा वास सर्वांत अधिक असतो. तेव्हा नेमकी त्यांचीच निवड होते यात वैर शोधण्याचे कारण नाही. प्रौढ कुत्रा वस्तू चावू लागला तर पुष्कळदा व्यायामाचा अभाव किंवा कंटाळा हे कारण असते. याहून गंभीर प्रकार एकटेपणाच्या भीतीचा. त्यात मोडतोड घरभर न होता दाराची चौकट, उंबरा, खिडकी अशा बाहेर जाण्याच्या वाटांपाशी होते, आणि बहुधा मालक बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात होते. दिवाळीच्या फटाक्यांनी घाबरलेला कुत्राही दार असेच ओरबाडतो.

मालक घरी परततो तेव्हा बोलतो काय? 'चप्पल चावली' असे साधे वाक्य तो क्वचितच उच्चारतो. 'चावून टाकली' किंवा 'कुरतडून ठेवली' असे म्हणतो. येथील सहायक क्रियापदे लक्षपूर्वक ऐकण्याजोगी आहेत. 'टाकणे' क्रिया पुरी झाल्याचे व परत न फिरणारी असल्याचे सांगते. 'ठेवणे' त्यापुढे जाते : क्रियेचे फळ माझ्यासमोर मांडलेले आहे आणि ते कोणीतरी मांडलेले आहे, असा त्याचा सूर असतो. 'हे काय करून ठेवलेस?' या प्रश्नात उत्तराची अपेक्षा नसते; दोषारोप पूर्ण झालेला असतो. मग 'मुद्दाम', 'राग काढला', 'सूड उगवला' ही विधाने ओघाने येतात, आणि पुढे छडी येते.

कुत्र्याला आपली चूक कळते याचा पुरावा म्हणून त्याची पडलेली मान, मागे वळलेले कान, पायांत घातलेली शेपटी यांकडे बोट दाखविले जाते. न्यूयॉर्क येथील संशोधिका अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हा पुरावा तपासला. १४ कुत्र्यांना त्यांच्या मालकांनी खाऊ न खाण्याची आज्ञा केली व मालक खोलीबाहेर गेले. परतल्यावर काही मालकांना कुत्र्याने काय केले हे खरे सांगण्यात आले, काहींना खोटे. अपराधी म्हणून ओळखली जाणारी मुद्रा खाऊ खाण्या-न-खाण्यावर अवलंबून नव्हती. मालक रागावला की ती दिसे, आणि ज्यांनी आज्ञा मोडलीच नव्हती अशा कुत्र्यांत रागावण्याचा परिणाम अधिक ठळक होता. ही मुद्रा कबुलीजबाब नसून समोरच्या रागाला दिलेले उत्तर आहे. दुपारी चावलेल्या चपलेबद्दल संध्याकाळी बसलेला मार कुत्रा चपलेशी जोडू शकत नाही. तो मालकाच्या घरी येण्याशी मात्र जोडतो. एकटेपणाने भ्यालेल्या कुत्र्याची भीती त्यामुळे दुणावते आणि उंबरा आणखी कुरतडला जातो. वस्तू आवाक्याबाहेर ठेवणे व चावावयास योग्य असे काही देणे हाच व्यवहारी उपाय. त्यातही फार टणक हाड देऊ नये; वर सांगितलेली चौथी उपदाढ त्यानेच फुटते. शिजविलेल्या हाडाच्या तर कपच्या निघतात.

'खाणे' या क्रियापदाने होणारा घोटाळा याहून तातडीचा आहे. वाळवीने दार खाल्ले, कसरीने पोथी खाल्ली, उंदरांनी वही खाल्ली, असे आपण म्हणतो. 'खाणे' म्हणजे नासविणे हा अर्थ मराठीत पूर्ण रुळलेला आहे. त्याच न्यायाने 'कुत्र्याने मोजा खाल्ला'. या वाक्यातून मोजा फाटून कोपऱ्यात पडला आहे की पोटात गेला आहे, हे समजत नाही. पहिल्यात नुकसान मोज्याचे. दुसऱ्यात आतड्यात अडथळा होऊन कुत्रा दगावू शकतो, व शस्त्रक्रियेचा निर्णय काही तासांत घ्यावा लागतो. पशुवैद्याला म्हणून उलट विचारावे लागते : तुकडे सापडले का? सगळे जुळतात का? 'कुरतडला', 'चघळला', 'फाडला', 'गिळला' असे नेमके शब्द भाषेत असताना घाईच्या क्षणी जिभेवर 'खाल्ला' येतो, कारण तोच सर्वांत सैल आहे.

याच्या नेमका उलट प्रमाद माणसाच्या बाबतीत घडतो. पिल्लू चपलेवरून हातावर येते, खेळता खेळता त्वचेला खरचटते, आणि दवाखान्यात 'कुत्रा चावला का?' असे विचारल्यावर घरची माणसे उत्तर देतात, 'नाही हो, नुसता दात लागला.' या वाक्यात कर्ता 'दात' आहे. कुत्रा झालाच तर षष्ठीत, 'पिल्लाचा दात' म्हणून, आणि बहुधा तेवढाही नाही. चपलेच्या वेळी 'ठेवणे' लावून ज्याच्यावर हेतू लादला, त्याला येथे व्याकरणाने वाक्याबाहेर काढले. उत्तर देणारा खोटे बोलत नसतो. त्याच्या मराठीत 'चावणे' कर्तरी प्रयोगात आले की दंश व वैर अभिप्रेत असते, आणि पिल्लाच्या मनात वैर नव्हते हे त्याला ठाऊक असते.

रेबीजचा विषाणू हेतू पाहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात उघड्या त्वचेचे नुसते चावे-चघळणे किंवा रक्त न येता उठलेला ओरखडा हा दुसरा वर्ग आहे, व त्याला लस सांगितलेली आहे. दात त्वचेच्या आरपार गेला किंवा फाटलेल्या त्वचेवर लाळ लागली तर तो तिसरा वर्ग. त्यात लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. दोन्हींत जखम ताबडतोब साबणाने व वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावयाची असते. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ निरपवादपणे प्राणघातक आहे.

अलीकडे 'मला कुत्र्याने चावले' असा भावे प्रयोग तरुणांच्या बोलण्यात ऐकू येतो, आणि वृत्तपत्रे 'कुत्र्याने चावा घेतला' असे लिहितात. हिंदीच्या 'ने'चा हा परिणाम म्हणून जुनी मंडळी त्याला नाक मुरडतात. मलाही तो कानाला गोड लागत नाही. परंतु त्या रूपाने दंश व चर्वण यांच्या कर्त्यांवर एकच विभक्ती येते, 'चावणे' या एका क्रियापदात कर्तरी, कर्मणी व भावे असे तिन्ही प्रयोग एकत्र सापडतात, आणि दवाखान्यातील प्रश्न 'तुम्हांला कुत्रा चावला का?' असा न विचारता 'कुत्र्याचा दात किंवा लाळ त्वचेला कोठे लागली?' असा विचारला तर 'नुसता दात लागला' हेच उत्तर डॉक्टरला हवे ते सांगून जाते.