अ‍ॅव्हरोवरची माणसे

सैन्य हुकमावर चालते, आणि आपली ठाणी, आपली माणसे व आपला मुलूख प्रत्यक्ष पाहिल्यावाचून सेनानायकाला नेमका हुकूम देता येत नाही, हे राज्यकारभाराचे फार जुने सूत्र आहे. मराठेशाहीत या कामी घोडी, मेणे आणि डाकेच्या चौक्या तैनात असत. स्वतंत्र भारतात लेहपासून कार निकोबारपर्यंत पसरलेल्या ठाण्यांसाठी ते काम विमानांकडे आले. हवाई दलात या कामाला ‘कम्युनिकेशन’ असे नाव रूढ आहे. दिल्लीनजीक पालम येथे १ नोव्हेंबर १९४७ रोजी वायुसेना मुख्यालयाचे कम्युनिकेशन स्क्वाड्रन उभे राहिले आणि पुढे निरनिराळ्या कमांडांच्या दिमतीलाही अशी विमाने देण्यात आली. हुद्देदारांना वेळेवर आणि सुखरूप पोहोचवणे, एवढेच या विमानांचे काम. लढाऊ वैमानिकांच्या पराक्रमाला इतिहासकार लाभले. या विमानांवर आयुष्य वेचलेल्यांच्या आठवणी मात्र घरच्या बैठकीबाहेर फारशा आल्याच नाहीत, आणि हे दुर्लक्ष मला अन्यायाचे वाटते.

या परंपरेचा उगम डाकोटा विमानात आहे. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहरसिंग यांनी दहा हजार फुटांहून अधिक उंचीवरील लेहच्या कच्च्या धावपट्टीवर डाकोटा उतरवले, तेव्हा जनरल थिमय्या त्यांच्यासोबत त्याच विमानात होते. ती धावपट्टी सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने स्थानिक माणसांच्या मदतीने तयार करवली होती. मार्गात हिमालयाची अनोळखी शिखरे होती, आणि त्या विमानात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. ज्या सेनानीला त्या प्रदेशाचे रक्षण करावयाचे होते, त्याने स्वतःचा जीव प्रथम वैमानिकाच्या हाती दिला. वरिष्ठाने कनिष्ठावर टाकलेला हा निःशंक विश्वास पुढे या साऱ्या सेवेचा पाया ठरला.

डाकोटा म्हातारे होऊ लागल्यावर त्यांच्या जागी कोणते विमान घ्यावे, हा प्रश्न आला, आणि विकत घेण्यापेक्षा परवाना घेऊन देशातच बांधावे असा निर्णय होऊन ब्रिटिश अ‍ॅव्हरो ७४८ची निवड झाली. कानपूरच्या हवाई दलाच्या आवारात हे काम उभे करणारे एअर व्हाइस मार्शल हरजिंदरसिंग हे मूळचे ‘हवाई सिपाही’, म्हणजे भारतीय हवाई दलाच्या पहिल्यावहिल्या देशी कारागिरांपैकी एक. हाती पाना घेऊन विमानाखाली निजणाऱ्या मनुष्याने पुढे मेंटेनन्स कमांडचे प्रमुखपद भूषवावे आणि विमानाच्या कारखान्याचा पाया घालावा, हे आपल्या लष्करी इतिहासातील एक विलक्षण चरित्र आहे. कानपुरात जुळवलेले पहिले अ‍ॅव्हरो १ नोव्हेंबर १९६१ रोजी उडाले. आदल्या वर्षी टोकियोत अकस्मात निधन पावलेले हवाई दलप्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या स्मरणार्थ त्याचे नाव ‘सुब्रतो’ ठेवण्यात आले. पुढे देशात अशी ८९ विमाने बांधली गेली. त्यांतली बहुसंख्य हवाई दलाने घेतली आणि बाकीची इंडियन एअरलाइन्सने.

मालवाहू म्हणून अ‍ॅव्हरो फारसे यशस्वी ठरले नाही, हे मान्य केले पाहिजे. पंख पोटाखालून गेलेले, त्यामुळे भुई उंच. शेपटीकडे उतरता दरवाजा नाही. जीप किंवा तोफ आत घालायची कशी? परंतु याच रचनेमुळे आतला कक्ष सलग, शांत आणि हवेच्या दाबाने सुरक्षित राहिला. चार खुर्च्या समोरासमोर, मध्ये नकाशा पसरण्याजोगे मेज, मागे आणखी आसने, अशी मांडणी त्यात सहज होई. म्हणून वरिष्ठांच्या प्रवासासाठी आणि वाहतूक वैमानिकांच्या शिक्षणासाठी ते पुढची कित्येक दशके टिकून राहिले.

या विमानाची खरी ओळख त्याच्या रोल्स-रॉइस डार्ट इंजिनांनी होते. धावपट्टीकडे सावकाश सरकताना त्यांतून जो अतितीव्र, कान किटवणारा स्वर निघतो, त्याची आठवण काढल्यावाचून अ‍ॅव्हरोवर काम केलेल्या कोणाचेही बोलणे पुरे होत नाही. वृद्धापकाळी ऐकू कमी येते त्याचे कारणही अनेक जण तेच सांगतात. इंजिनाचा दांडा पूर्ण जोरावर मिनिटाला १५,००० फेरे घेई, आणि दातेचक्रांतून तो वेग घटवून पंख्याला दिला जाई. बाहेरची हवा किती तापली आहे आणि धावपट्टी किती उंचीवर आहे, हे तक्त्यात पाहून सहवैमानिकाला इंधनाचे प्रमाण बारकाईने बेतावे लागे. ते चुकले, तर टर्बाइनचे तापमान मर्यादेबाहेर गेलेच म्हणून समजावे. मे महिन्यात नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून दुपारी उड्डाण करणे म्हणजे काय, हे ज्याने ती सुई डोळ्यांत तेल घालून पाहिली आहे, त्यालाच ठाऊक. उतरताना चाके टेकली की पंख्यांची पाती आडवी करावयाची, म्हणजे ती हवेला तबकडीसारखी अडवून विमानाचा वेग कमी करत. हाच खटका आकाशात असताना चुकून ओढला गेला तर अनर्थ ओढवेल, म्हणून त्याला स्वतंत्र अडसर असे, आणि तो अडसर केव्हा निघाला हे दोघा वैमानिकांना एकमेकांना मोठ्याने सांगावे लागे.

नागपूरच्या एका निवृत्त वॉरंट ऑफिसरांनी उड्डाणापूर्वीच्या पहाटेचे जे वर्णन मला ऐकवले, त्यात गौरवाचा एकही शब्द नव्हता. होती ती केवळ कामांची ओळीने सांगितलेली यादी. हँगरबाहेर ओढलेल्या विमानाभोवती विजेरी घेऊन फेरी मारावयाची. टाक्यांच्या तळातून थोडे इंधन काचेच्या बरणीत काढून त्यात पाणी उतरले आहे काय हे उजेडासमोर धरून पाहावयाचे. चाकांच्या सांध्यांत खोचलेल्या, लाल फीत लावलेल्या खिळ्या काढून, मोजून, वैमानिकाला दाखवावयाच्या. आणि मग ‘फॉर्म ७००’वर प्रत्येक कारागिराने आपापल्या कामाखाली सही करावयाची. सगळ्यांत शेवटी विमानाचा कप्तान सही करी आणि त्या क्षणापासून विमान त्याचे होई. ही सही करताना हात क्षणभर थबकत असे, असे ते म्हणाले. आत कोण बसणार आहे याचा विचार तेव्हा मनात येत नसे. येई तो आपण आवळलेल्या नटाचा. मागे थर्मासमध्ये चहा भरला गेला काय, आसनांवरची पांढरी वस्त्रे धुतलेली आहेत काय, हीही कामे त्याच निष्ठेने पार पाडली जात, कारण साहेबांना शिडीपाशी उभे राहावे लागणे ही तुकडीला नामुष्की वाटे.

अधिकाराची जी उतरंड जमिनीवर अभेद्य असते, ती या विमानात एका बाबतीत उलटी होते. उड्डाण करावयाचे की नाही, पुढे जावयाचे की परतावयाचे, याचा निर्णय कप्तानाचा. मागे एअर मार्शल बसलेले असोत की मंत्रिमहोदय. पुढे ढग दाटले आहेत, उतरणे शक्य नाही, आपण दुसऱ्या विमानतळावर जात आहोत, हे पस्तिशीच्या आतल्या एखाद्या फ्लाइट लेफ्टनंटने सेनापतीपुढे उभे राहून सांगावयाचे, आणि सेनापतीने मान हलवून पुन्हा कागदपत्रांत लक्ष घालावयाचे. जुन्या वैमानिकांना आपल्या नोकरीतला सर्वांत अभिमानाचा क्षण विचारला, तर पुष्कळ जण एखादे यशस्वी उड्डाण सांगत नाहीत; ठामपणे दिलेला असा नकार सांगतात. मागच्या कक्षात काय बोलणे झाले हे मात्र ते आजही सांगत नाहीत. पडद्याआडून शब्द कानी पडत. बदल्या, मोहिमा, मतभेद, सारे काही. तीस-चाळीस वर्षांनंतरही त्यांतला एक शब्द बाहेर न काढणारी ही माणसे माझ्या दृष्टीने कोणत्याही दप्तरापेक्षा अधिक विश्वासार्ह होत.

या सेवेची कसोटी ४ नोव्हेंबर १९७७ च्या रात्री लागली. एकेकाळी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असलेले आणि त्या वेळी पंतप्रधानपदी असलेले मोरारजी देसाई पालमहून आसामातील जोरहाटला निघाले होते. विमान होते ‘पुष्पक’, हवाई दलाने सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या तुपोलेव्ह-१२४ जातीचे. जोरहाटच्या जवळ येता येता ते टेकेलागावच्या शिवारात कोसळले. पुढील भागाचा चुराडा झाला आणि विंग कमांडर क्लॅरन्स डिलिमा यांच्यासह तेथे बसलेले पाचही वायुसैनिक गेले. मागील कक्षातले ८१ वर्षांचे पंतप्रधान आपल्या पायांनी बाहेर आले. वैमानिकांनी अखेरच्या क्षणी आघात जाणूनबुजून पुढील भागावर घेतला, असे त्यांचे सहकारी मानत आले आहेत. अंधारात धावून आलेल्या गावकऱ्यांनी वाचलेल्यांना आधार दिला. पंतप्रधान वाचले ही बातमी देशभर झाली. त्या पाच जणांची नावे आज किती शाळकरी मुलांना सांगता येतील? येत नाहीत याचे मला मनापासून दुःख आहे.

पालमच्या स्क्वाड्रनमध्ये पुढे बोइंग आणि एम्ब्राएर जातीची जेट विमाने आली, आणि अ‍ॅव्हरोचाही काळ सरत आला. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच्या जागी ५६ सी-२९५ विमाने घेण्याचा करार झाला. त्यांपैकी १६ स्पेनमधून तयार यावयाची आणि ४० वडोदऱ्याला टाटांच्या कारखान्यात बांधावयाची. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांतले पहिले विमान हवाई दलात रीतसर दाखल झाले. यंत्राला वारस मिळाला, ही समाधानाची गोष्ट आहे. माणसांच्या आठवणींना वारस मिळाला नाही. ज्या मेंटेनन्स कमांडचा मुक्काम एके काळी कानपुरात होता, ती आज नागपुरात आहे. पुण्याला लोहगाव आणि नाशिकला ओझर आहे. या तिन्ही शहरांच्या वसाहतींतून अ‍ॅव्हरोचे फिटर, सिग्नलर, नॅव्हिगेटर आणि वैमानिक निवृत्तीचे दिवस काढीत आहेत, आणि त्यांच्या कपाटांत उड्डाणाची तारीखवार नोंद असलेल्या वह्या पडून आहेत. वाचकांपैकी कोणाच्या घरी असे आजोबा, काका किंवा शेजारी असतील, तर त्यांच्यापाशी बसून त्या वहीचे पान न् पान वाचून घ्यावे, ठाण्यांची नावे आणि साथीदारांची नावे त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावीत, आणि ते कागद एखाद्या ग्रंथालयात किंवा इतिहास मंडळात रीतसर दाखल करावेत. हे काम याच वर्षी करावे.