दोन विद्या, एक विद्यार्थी

ऑगस्ट २०१८मध्ये इंडोनेशियात गोवर-रुबेलाच्या लसीवरून मोठा पेच उभा राहिला. लस होती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने फतवा काढला की, या लसीच्या निर्मितीत डुकरापासून मिळणारा घटक वापरला जातो, म्हणून ती हराम आहे. मात्र हलाल पर्याय हाताशी नाही आणि लसीवाचून मुलांना धोका आहे, म्हणून निकड ओळखून ती द्यायला मुभा आहे. लोकांनी फतव्याचा पूर्वार्धच जास्त मनावर घेतला. जावाबाहेरच्या अनेक प्रांतांत लसीकरण रखडले आणि आचे प्रांतात तर फारच थोडी मुले लस घ्यायला आली. देशात डॉक्टर होते, उलेमाही होते. पण लस कशी तयार होते आणि शरियतमध्ये निकडीला काय स्थान आहे, या दोन्ही गोष्टी आईबापांना एका बैठकीत समजावून देऊ शकतील अशी माणसे मोजकीच होती. इस्लामी उच्च शिक्षणात धर्ममूल्ये आणि आधुनिक विद्या यांचा मेळ घालायचा की नाही, हा वाद बहुधा तत्त्वज्ञानाच्या पातळीवर घातला जातो. पण या मेळाची खरी गरज अशा पेचप्रसंगांत कळते, आणि तो जमला की फसला हेही तिथेच ठरते.

धर्मविद्या आणि आधुनिक विद्या यांची इंडोनेशियातली फाळणी जुनी आहे. डच राजवटीत सरकारी शाळा एका बाजूला आणि ‘पेसांत्रेन’ ही निवासी धर्मविद्यालये दुसऱ्या बाजूला, असे दोन प्रवाह होते. स्वातंत्र्यानंतर १९४६ साली धर्म मंत्रालय स्थापन झाले, मदरसे त्याच्याकडे गेले आणि बाकीच्या शाळा शिक्षण मंत्रालयाकडे राहिल्या. १९६०मध्ये उभ्या राहिलेल्या सरकारी इस्लामी संस्थांमध्ये धर्मशास्त्र, शरियत, अरबी असेच विषय असत. बदलाची खरी सुरुवात झाली ती शाळेच्या पातळीवर. १९७५ साली तीन मंत्र्यांनी संयुक्त आदेश काढून मदरशांत ७० टक्के सामान्य विषय आणि ३० टक्के धर्मविषय अशी विभागणी केली आणि मदरशाच्या प्रमाणपत्राला शाळेच्या प्रमाणपत्राची बरोबरी दिली. गणित आणि रसायनशास्त्र शिकून बाहेर पडणाऱ्या या मुलांना केवळ धर्मशास्त्राची पदवी पुरणार नव्हती. २० मे २००२ रोजी जकार्तातल्या सरकारी इस्लामी संस्थेचे ‘शरीफ हिदायतुल्लाह’ विद्यापीठात रूपांतर झाले. इतिहासकार अझ्युमार्दी अझ्रा तेव्हा कुलगुरू होते. विज्ञान-तंत्रज्ञान, मानसशास्त्र, अर्थशास्त्र आणि पुढे वैद्यक अशा शाखा तिथे निघाल्या. २००४मध्ये योग्यकर्ता आणि मलांग इथल्या संस्थाही याच वाटेने गेल्या.

प्रत्येक विद्यापीठाने आपले तत्त्वज्ञान चित्रातून मांडले. योग्यकर्त्याच्या अमीन अब्दुल्ला यांनी कोळ्याचे जाळे रेखाटले, तर मलांगच्या इमाम सुप्रायोगो यांनी वृक्ष. चित्रे आकर्षक आहेत, पण चित्राने विद्यार्थी घडत नाही, वेळापत्रकाने घडतो. मलांगच्या प्रयोगात दम आहे तो यासाठीच. तिथे गणिताच्या विद्यार्थ्यालाही पहिले वर्ष कॅम्पसवरच्या धर्मशिक्षणाच्या वसतिगृहात काढावे लागते आणि अरबी कसून शिकावी लागते.

या मेळावरचा पहिला आक्षेप विज्ञानवाद्यांचा: भौतिकशास्त्राला धर्म नसतो, मग त्यात धर्म कशाला घुसवायचा? प्रत्येक धड्याच्या शेवटी एक आयत चिकटवणे म्हणजे मेळ, असे कोणी मानत असेल तर हा आक्षेप सोळा आणे खरा आहे. त्याने विज्ञान सुधारत नाही आणि धर्मही कळत नाही. पण काही प्रश्न जन्मतःच दुहेरी असतात. इंडोनेशियाच्या २०१४च्या हलाल कायद्यानुसार हलाल तपासनीस अन्न, रसायन, जीवशास्त्र, औषधनिर्माण अशा विषयांचा पदवीधर हवा आणि त्याला शरियतचीही जाण हवी. रमजान कधी सुरू होतो हे ठरवणारा चंद्र घ्या. सूर्यास्ताला तो क्षितिजापासून किमान ३ अंश वर आणि सूर्यापासून ६.४ अंश दूर असावा, असा निकष सरकार आता वापरते. त्यातले अंश खगोलशास्त्र मोजते. गणित पुरेसे मानायचे की डोळ्यांनी दिसणे आवश्यक, हा मात्र फिकहचा, म्हणजे इस्लामी विधिशास्त्राचा प्रश्न. सेमारांगच्या वालीसोंगो विद्यापीठात ही विद्या, ‘इल्मे फलक’, शरियत विद्याशाखेतच शिकवतात. इथे धर्म विज्ञानात घुसवलेला नाही. प्रश्नानेच दोघांना बोलावले आहे.

दुसरा आक्षेप धर्मपंडितांचा, आणि तो अधिक गंभीर आहे. नोकरीच्या ओढीने मुले अर्थशास्त्र आणि संगणकाकडे वळतील, धर्मशास्त्राचे वर्ग ओस पडतील आणि नावापुरते इस्लामी विद्यापीठ उरेल, अशी ही भीती. ती निराधार नाही. नव्या शाखांच्या झगमगाटात जुन्या विभागांना विद्यार्थी मिळवणे अवघड जातेच. पण धर्मविद्येला भिंतीआड ठेवून ती टिकते, असे इतिहास सांगत नाही. मॅकगिल विद्यापीठात शिकून आलेले हारून नासुतियोन १९७३ ते १९८४ जकार्ताच्या संस्थेचे प्रमुख होते. त्यांनी तर्काला मान देणाऱ्या मुतझिला परंपरेचा पुरस्कार केला. तेव्हा एकेकाळचे धर्ममंत्री महंमद रशीदी यांनी त्यांच्यावर पुस्तकभर टीका केली. त्या टीकेनंतरही हारून पदावर राहिले, वाद चालू राहिला आणि विद्यार्थ्यांना दोन्ही बाजू वाचता आल्या. आधुनिक पद्धतीशी झालेल्या या झटापटीने धर्मशास्त्र दुबळे झाले नाही. उलट त्याला नवे वाचक मिळाले.

म्हणून अशा विद्यापीठाची पारख करताना प्रयोगशाळा किती आणि नमाजघर केवढे, हे मोजून काही हाती लागणार नाही. जीवशास्त्राच्या पदवीधराला फतव्याचा युक्तिवाद उलगडता येतो का, शरियतच्या पदवीधराला प्रयोगशाळेचा अहवाल वाचता येतो का, आणि दोघांनाही आपल्या शिक्षकाशी मतभेद नोंदवायची मुभा आहे का, हे तपासावे. पहिली दोन कौशल्ये अभ्यासक्रम नीट आखला तर देता येतात. तिसरी गोष्ट अभ्यासक्रमातून येत नाही. तिची हमी विद्यापीठ चालवणाऱ्यांनी द्यावी लागते, आणि ती नसेल तर पहिल्या दोन्ही फुकट जातात.