गव्हाच्या शिवारातली परकी सून

गहू बाजारात गेला की त्याच्याबरोबर घरातली नातीही तराजूत पडतात. मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाने अमेरिकेत केलेला ‘सिटी गर्ल’ हा १९३० सालचा चित्रपट त्याचीच गोष्ट सांगतो.

मिनेसोटातला लेम गहू विकायला शिकागोला येतो. तिथे खाणावळीत वाढणारी केट त्याला भेटते. कोंदट खोलीतल्या कुंडीला पाणी घालत ती मोकळ्या शिवाराची स्वप्नं बघत असते. दोघं लग्न करतात. गव्हातून हसत-धावत घराकडे निघालेली ही जोडी पाहिली, की पडद्यावर वारा सुटल्यासारखं वाटतं.

पण भाव कोसळल्याने लेमने गहू वडिलांनी ठरवून दिलेल्या दराखाली विकलेला असतो. त्यात ही शहरातली कफल्लक पोर! ती पैशावर डोळा ठेवूनच आली, असं म्हातारा धरून चालतो आणि तिला थप्पड मारतो. लेम गप्प राहतो.

आता गंमत पाहा. शिकागोत केट गिऱ्हाइकांना वाढत होती. इथे ती कापणीच्या मजुरांना वाढते. नजराही तशाच. मालकाची सून झाली, तरी हातातलं ताट सुटलं नाही.

गारपिटीच्या धास्तीने रात्रीच कापणी सुरू होते. म्हाताऱ्याने अंधारात झाडलेली गोळी मुलाला लागता लागता राहते, तेव्हा कुठे तो सुनेची क्षमा मागतो.

चित्रपटाचं मूळ नाव होतं ‘अवर डेली ब्रेड’, म्हणजे आपली रोजची भाकर. ती पिकवणाऱ्या घराने वाढणारीला पंगतीत बसवायला एवढा उशीर का लावावा?