राष्ट्रपतींची सही आणि आपला दाखला

कोठेच दाद लागली नाही की, "आता राष्ट्रपतींकडेच अर्ज करू," असे आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर परिसरात सहज म्हटले जाते. देशाचे सर्वोच्च पद ते! तेथून हुकूम सुटला की काम झालेच, अशी आपली समजूत असते. ती कितपत बरोबर आहे, हे विद्यार्थ्यांनी आणि सभासदांनीही समजून घेतले पाहिजे.

घटनेच्या ५३ व्या कलमान्वये केंद्राची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी आहे. पंतप्रधानांची नेमणूक, वटहुकूम, विधेयकांना संमती, शिक्षेची माफी हे सारे त्यांच्याच नावाने होते. परंतु ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी खुलासा केला होता की, आपल्या राष्ट्रपतींचे स्थान अमेरिकेच्या अध्यक्षासारखे नसून इंग्लंडच्या राजासारखे आहे. ते राष्ट्राचे प्रमुख आहेत, पण राज्यकारभार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हा सल्ला स्पष्ट शब्दांत बंधनकारक झाला. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने तो एकदा फेरविचारासाठी परत पाठविण्याचा अधिकार राष्ट्रपतींना मिळाला. मात्र तोच सल्ला पुन्हा आला तर तो मानावाच लागतो.

दलित समाजातून आलेले पहिले राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी हा अधिकार वापरून दाखविला. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस त्यांनी परत पाठविली आणि सरकारने ती सोडून दिली. १९९८ मध्ये बिहारबाबतची शिफारसही त्यांनी परत केली. फेब्रुवारी १९९९ मध्ये ती पुन्हा आली, तेव्हा मात्र त्यांना सही करावी लागली. अधिकार आणि त्याची मर्यादा, दोन्ही येथे एकत्र दिसतात.

आता आपल्या घरातले उदाहरण पाहू. केंद्राच्या नोकरीसाठी लागणाऱ्या जातीच्या दाखल्यावर १९५० च्या आदेशाचा उल्लेख असतो. ३४१ व्या कलमाखाली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या नावाने १० ऑगस्ट १९५० रोजी तो निघाला. हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणाऱ्यास अनुसूचित जातीचा समजू नये, असे त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात होते. १९५६ मध्ये कायद्याने त्यात शीख आले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूर येथे धम्मदीक्षा झाली आणि दीक्षा घेतलेला आपला समाज त्या यादीबाहेर पडला.

१९६० मध्ये महाराष्ट्र सरकारने नवबौद्धांना सवलती दिल्या, पण त्या राज्यापुरत्याच होत्या. रेल्वेत किंवा त्या वेळी थेट केंद्र सरकारच्या अखत्यारीत असलेल्या अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत बौद्ध म्हणून अर्ज करणाऱ्यास अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर हक्क सांगता येत नव्हता. धर्म लिहावा तर नोकरी जाते, लपवावा तर दीक्षेचा अर्थ जातो, असा हा पेच होता.

आदेश राष्ट्रपतींचा, मग त्यांनीच एका सहीने तो का बदलला नाही? कारण ३४१ व्या कलमातच तशी मनाई आहे. एकदा यादी जाहीर झाल्यावर तीत भर घालण्याचा किंवा काही वगळण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे. म्हणूनच दिल्लीपर्यंत मोर्चे, निवेदने आणि खासदारांमार्फत पाठपुरावा करावा लागला. अखेर १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारच्या काळात संसदेने कायदा केला आणि त्या परिच्छेदात बौद्ध हा शब्द आला. धम्मदीक्षेनंतर चौतीस वर्षांनी! राष्ट्रपती आर. व्यंकटरामन यांची संमती त्या कायद्याला मिळाली, परंतु निर्णय संसदेचा होता.

यावरून बोध एवढाच. राष्ट्रपतींकडे अर्ज अवश्य करावा. पण तो बहुधा संबंधित मंत्रालयाकडेच पाठविला जातो. म्हणून कायदा बदलायचा असेल तर खासदाराला गाठावे, अंमलबजावणी होत नसेल तर त्या खात्याला जाब विचारावा आणि हक्क डावलला गेला तर न्यायालयात जावे. कोणता दरवाजा कोणत्या कामाचा हे घटनेत लिहिले आहे. ते वाचून ठेवणे हे आपले काम आहे.