मळीचा वायू आणि कार्बनची वही

कराडहून सांगलीकडे येताना कृष्णाकाठी रेठरे बुद्रुक, साखराळे, सांगली अशी सहकारी साखर कारखान्यांची रांगच लागते. साखरेच्या आधाराने इथे रसायनांचा धंदाही वाढला. मळीपासून अल्कोहोल होते आणि आता पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉलही. या पट्ट्यातल्या एका डिस्टिलरीत हरितगृह वायूंचा हिशेब कसा मांडतात, ते पाहायला गेलो होतो.

फर्मेंटरच्या काचेतून आतला फेस खदखदताना दिसतो. यीस्ट साखर खाते आणि 180 ग्रॅम ग्लुकोजपासून 92 ग्रॅम अल्कोहोल व 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे लिटरभर अल्कोहोलमागे हा वायू पाऊण किलो. पण शिफ्ट केमिस्टच्या तक्त्यात तो मुख्य बेरजेत धरलेला नाही. उसाने तो हवेतूनच घेतला होता, म्हणून त्याची नोंद वेगळ्या रकान्यात. बगॅस जाळणाऱ्या बॉयलरच्या कार्बन डायऑक्साइडचेही तसेच.

बेरजेत मग काय येते? जनरेटर आणि लोडरचे डिझेल, लिटरमागे सुमारे 2.7 किलो. बगॅस संपल्यावर जाळलेला कोळसा. बाहेरून घेतलेली वीज, युनिटमागे साधारण 0.7 किलो. हे आकडे सोपे, कारण प्रत्येकाचे बिल असते.

खरी अडचण स्पेंट वॉशची. लिटरभर अल्कोहोलमागे 8 ते 15 लिटर काळे, तांबूस झाक असलेले पाणी उरते. बंद डायजेस्टरमध्ये त्यापासून बायोगॅस मिळतो आणि तो बॉयलरला जातो. मात्र त्यातला मिथेन गळला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या 27-28 पट तापवतो. उसापासून आला म्हणून त्याला सूट नाही. शिवाय गळतीचे बिल येत नाही. आत गेलेल्या पाण्याचा सीओडी (त्यातल्या सेंद्रिय द्रव्याचे माप), बाहेर पडलेल्या पाण्याचा सीओडी आणि गॅस मीटरचे रीडिंग जुळवून पाहावे, तेव्हा कुठे अंदाज येतो. मीटर बंद असेल, तर सगळा तक्ता ठोकताळाच.

शेअर बाजारातल्या आघाडीच्या हजार कंपन्यांना 2022-23 पासून सेबीच्या अहवालात पर्यावरणाची माहिती द्यावी लागते. सहकारी कारखाना शेअर बाजारात नसतो, त्यामुळे तो नियम त्याला लागू नाही. त्याचा मालक ऊस घालणारा सभासद. काटामारीची शंका आली की हाच सभासद वजनकाट्यावर उभा राहतो, वार्षिक सभेत उताऱ्यावरून भांडतो. त्याने पुढच्या सभेत आणखी एक प्रश्न विचारावा: डायजेस्टरचा गॅस मीटर चालू आहे का, आणि वर्षभराचे रीडिंग अहवालात का छापलेले नाही?